थोरल्यांचा खोकला

दात काढायला मुलगी शहरात येणार आहे, असा फोन आला तेव्हा मी शिडीवर होतो. तोंडात खिळे धरलेले होते, त्यामुळे नुसतं "हं" म्हणालो. फोन ठेवल्यावर खाली उतरलो, पुन्हा चढलो, आणि कशासाठी चढलो तेच आठवेना. त्या दिवशी मी जे जे ठोकलं ते दुसऱ्या दिवशी उपसून परत ठोकावं लागलं.

मुलगी 'घरा'त राहते. ते लोक त्याला नुसतं 'घर' म्हणतात. गावाबाहेर उंच भिंत, आत भाजीचा मळा, राहायच्या खोल्या आणि एक मोठं सभागृह. तिची आई गेल्यावर ती तिथं भजनं ऐकायला म्हणून जाऊ लागली. रेडिओवर ध्वनिमुद्रणाचं काम करायची, कान तयार होता. त्यांचं गाणं फार शुद्ध आहे म्हणाली. मग आठवड्यातून एकदा जायची ती रोज जाऊ लागली, आणि एक दिवस परत आलीच नाही.

त्यांची शिकवण अशी आहे की जग केव्हाच संपलेलं आहे. देवानं ते मिटवलं. बाहेर जे दिसतं, रस्ते, दुकानं, माणसं, ते मिटवलेल्या जगाचं पुसायचं राहून गेलेलं चित्र आहे. खरी माणसं उरली ती फक्त भिंतीच्या आत, आणि ती का उरली हे एकट्या थोरल्यांना ठाऊक. थोरले म्हणजे त्यांचे गुरू. आता मी तिचा बाप, म्हणजे तिच्या लेखी चित्रच. चित्र फोनवर बोलतं, चित्राचे गुडघे दुखतात, पण म्हणून त्याच्यात जीव गुंतवायचा नसतो. मी कितीदा तरी त्या दारापर्यंत जाऊन परत आलो होतो. दारावरचा माणूस रागावत नसे. चित्रावर कोण रागावणार? तो फक्त माझ्यातून पलीकडे बघत असे.

दात मात्र खरा होता आणि दुखतही खराच होता. तेव्हा चित्रातल्या डॉक्टरकडे येणं भाग होतं. दात काढून झाल्यावर दुपारभर थांबायचं, मग व्हॅन न्यायला येणार. तेवढी दुपार माझी होती. तेवढ्यात तिला घरी परत आणायचं होतं.

मी मालिकांचे सेट बांधणारा सुतार आहे. त्या वेळी आमच्या स्टुडिओत एका वैज्ञानिक मालिकेचं काम चाललं होतं. काचेच्या घुमटाखाली वसलेलं एक शहर. लोकांना लहानपणापासून सांगितलेलं असतं की घुमटाबाहेर हवाच नाही, पाऊल टाकलं की मेलात. घुमटाच्या वर, कुणाला न दिसणाऱ्या खोलीत, एक दिवेवाला बसलेला असतो. तो बटणं दाबून दिवस उजाडवतो आणि मावळवतो. खरं तर बाहेर चांगली मोकळी हवा असते, झाडं असतात. हे शहर मी बांधलं आणि त्याच्यावरचं आभाळ माझ्या मित्रानं रंगवलं. त्याला सगळे आभाळ्या म्हणतात, पगारपत्रकाबाहेर त्याचं खरं नाव कुणी वापरत नाही.

मालिका वाचून दाखवत होते तेव्हाच माझ्या मनात आलं होतं, ही तर माझ्या पोरीची गोष्ट. दवाखाना स्टुडिओपासून गल्लीभर अंतरावर. त्या दिवशी चित्रीकरणाला सुट्टी. तिला नुसतं आणायचं, समोरून शहर दाखवायचं, मग हाताला धरून मागे न्यायचं आणि फळ्या, टेकू, खिळे दाखवायचे. बस. वेगळं काही बोलायलाच नको.

आभाळ्याकडे किल्ली मागितली तर तो म्हणाला, "मागची बाजू बघून कुणी सुधारत नाही बाबा."

"तुला काय ठाऊक?"

"मालिकेत नायक दार ढकलतो आणि ते उघडत नाही, तेव्हा डोळे पुसायला रुमाल कुणी काढला होता?"

"मी."

"दार कुणी ठोकलं होतं?"

"मीच."

"बिजागरी तरी लावली होतीस का त्याला?"

मी किल्ली घेतली आणि निघालो.

दवाखान्याच्या जिन्यावरून ती उतरली तेव्हा गालात कापूस होता आणि अर्धा चेहरा सुन्न. केस तिच्या आईसारखे विरळ झालेले. तिच्याबरोबर एक म्हातारी बाई होती. 'घरा'तलं कुणी बाहेर एकटं येत नाही, जोडी लागते. या बाईंना ती माई म्हणत होती. रस्त्यावर पाय ठेवताच माईंनी तिचं मनगट धरलं आणि विचारलं, "खरी?"

"खरी," मुलगी म्हणाली आणि माईंचं मनगट धरलं. "खरी?"

"खरी."

हे त्यांना बाहेर असताना सारखं करावं लागतं, नाहीतर माणूस चित्रात मिसळून जातो म्हणे. चौकात एकदा झालं, फळवाल्यापाशी एकदा झालं. मी मधे हात पुढे केला आणि म्हटलं, "मलाही विचारा की." माई हसल्या. मुलगी हसली नाही. कदाचित हसलीही असेल, सुन्न गालामुळे कळलं नाही.

वाटेत मी फार बोललो. डॉक्टर बरा होता का, दुखलं का, केळी घेऊ का, अजून उजव्या कुशीवरच झोपतेस का. उत्तर यायच्या आत पुढचा प्रश्न विचारत होतो. मधूनमधून मागे वळून व्हॅन दिसते का बघत होतो. ड्रायव्हरसाठी दवाखान्यात स्टुडिओचा पत्ता ठेवला होता आणि व्हॅन यायला अजून अवकाश होता, तरी बघत होतो.

शेडचं दार उघडून मी दिवे लावले. शहर उभं राहिलं. लांबच लांब रस्ता, दोन्हीकडे गुळगुळीत घरं, गोल खिडक्या, वर आभाळ्याचं निळं आभाळ. माई दारातच थबकल्या. "अगं बाई, केवढं स्वच्छ," म्हणाल्या.

मी गोष्ट सांगितली. घुमट, हवा, दिवेवाला, सगळं. मग तिला एका घराच्या मागे नेलं. उघड्या पट्ट्या, प्लायवूडवर माझ्या पेन्सिलीच्या खुणा, भिंत पडू नये म्हणून लावलेले तिरके टेकू, टेकूंवर वाळूची पोती.

"बघ," मी म्हणालो. "समोरून शहर आणि मागून हे. तुमचं 'घर' काय वेगळं आहे? जग संपलं म्हणे. कुणीतरी वर बसून बटणं दाबतंय, आणि तुम्ही सगळे..."

तिनं भिंतीवर बोटानं टिचकी मारली आणि कान लावला. "फार पोकळ वाजतंय बाबा. संवाद घुमत असतील. मागे जाड कापड का नाही सोडलं?"

मी पालथ्या घड्यावर पाणी ओततोय असं वाटलं. "मी काय सांगतोय आणि तू काय बघतेस?"

"तेच बघतेय." तिनं मान बाहेर काढून पाहिलं. माई रस्त्यावरच्या एका बाकावर जाऊन बसल्या होत्या आणि चप्पल काढून पायाचे तळवे चोळत होत्या. मुलगी परत आत आली. "तुमच्या गोष्टीतला तो दिवेवाला. तो दुष्ट आहे का?"

"म्हणजे काय! लोकांना फसवतो."

"घरी गेल्यावर त्याला झोप लागते का, ते दाखवलंय?"

"नाही. त्याला घर दाखवलेलंच नाही."

"वाटलंच." ती वाळूच्या पोत्यावर बसली. अर्ध्या तोंडानं बोलत होती, शब्द एका बाजूला सांडत होते. "बाबा, थोरले वारले. बरेच हिवाळे झाले. कारभारी मंडळींना माहीत आहे आणि मला."

मी समोरच्या पोत्यावर बसलो.

"थोरले एकांतात आहेत, फक्त संध्याकाळी पडद्याआडून बोलतात, असं सांगितलेलं आहे. त्याला वाणी म्हणतात. ते बोलणं मी करते. त्यांच्या जुन्या टेपांनी खोली भरलीय. शब्द शब्द कापून जोडते. कुणी आजारी असलं तर त्याची चौकशी, कुणाचं भांडण झालं असेल तर त्यांची समजूत. नव्या लोकांची नावं त्यांच्या आवाजात मिळत नाहीत, म्हणून नव्यांना थोरले 'बाळा' म्हणतात. नव्यांना वाटतं, आपल्यावर जास्त माया आहे."

"म्हणजे तुला ठाऊक आहे की हे सगळं..."

"मी रोज मागच्याच बाजूला असते बाबा. तुम्ही मला काय दाखवायला आणलंत?"

मी उठलो, पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. इतकी वर्षं मी अशा मुलीसाठी झुरत होतो जिच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली आहे. ही तर डोळस. आता हिला काय सांगून बाहेर काढू? "मग राहतेस कशाला तिथं? चल घरी. आत्ता चल."

"आणि संध्याकाळी? सगळे सभागृहात बसतील आणि पडद्याआडून काहीच येणार नाही. या माईंचा मुलगा गेला. त्या वाणी ऐकल्याशिवाय अंथरुणाला पाठ टेकत नाहीत. अशी कितीतरी म्हातारी माणसं आहेत. तुमच्या दिवेवाल्यानं बटण बंद करून घरी निघून जावं का?"

"पण बाहेर अंधार नाहीये ना!"

"त्यांना आहे."

तिच्या तोंडातला कापूस लाल झाला होता. "चूळ भरून येते," म्हणाली आणि शेडच्या बाहेरच्या नळाकडे गेली. जाताना माईंचं मनगट धरून विचारून गेली.

मी माईंजवळ जाऊन उभा राहिलो. बसवेना.

"हा बाक मोडणार नाही ना?" माईंनी विचारलं.

"नाही. तो खराच आहे. माणसं बसतात त्यावर."

"बसा की मग." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "सांगितलं वाटतं तिनं."

"काय?"

"तेच. तोंड मिटा आधी, माशी जाईल."

मी खरंच बसलो. "तुम्हाला ठाऊक आहे?"

"मी उभा जन्म दवाखान्यात नर्स म्हणून काढला. माणूस जिवंत आहे की नाही हे मला पडदा लावून विचारता?" त्या हळू बोलत होत्या, एक डोळा दाराकडे. "थोरले खोकतात. मधेच थांबतात, खोकतात, मग 'असो' म्हणतात. रोज तोच खोकला. तेवढाच लांब, तेवढाच कोरडा. ज्याला इतक्या हिवाळ्यांत एकदा साधी सर्दी होत नाही तो एक तर देव, नाही तर मेलेला. आणि देव खोकत नाही."

"मग तुम्ही बोलत का नाही?"

"तिच्यासाठी. पोर दिवसभर त्या खोलीत मान मोडून बसते, बाहेर येते तेव्हा डोळे सुजलेले असतात. आणि संध्याकाळी दाराच्या फटीतून आमच्याकडे बघत असते, आम्हाला बरं वाटलं का म्हणून. मग आम्ही बरं वाटून घेतो. स्वयंपाकघरातल्या बायकांना माहीत आहे, मळ्यातल्या लोकांना माहीत आहे. एकमेकांत बोलत नाही कुणी, पण कळतं. तिला कसं सांगायचं, की बाई, तुझी मेहनत फुकट? उन्मळून पडेल ती."

माझ्या मालिकेत एक दिवेवाला होता आणि बाकी सगळे फसलेले. इथे प्रत्येकजण दुसऱ्यासाठी दिवा धरून उभा होता, आणि हात अवघडून आला तरी कुणी खाली ठेवत नव्हतं.

"हे तुम्ही तिला सांगा," मी म्हणालो.

"मी नाही."

"माई, ती तुमच्यासाठी तिथं राहिलीय. तुम्ही तिच्यासाठी. मी मधल्या मधे मेलो."

"मला कुठे जायचंय सांगितल्यावर? माझं अंथरूण तिथं आहे. झाकली मूठ आहे ती राहू द्या."

मुलगी दारातून आत येत होती, ओल्या हातानं हनुवटी पुसत. माईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. हे मला विश्वासानं सांगितलेलं होतं, हे समजत होतं. पण व्हॅन यायची वेळ होत आली होती. मुलगी एकदा 'घरा'च्या दारातून आत गेली की मी पुन्हा भिंतीबाहेर उभा.

"माईंना ठाऊक आहे," मी म्हणालो. "सगळ्यांना ठाऊक आहे. खोकल्यावरून."

ती आभाळ्याच्या आभाळाखाली उभी राहिली. मग माईंना म्हणाली, "खोकला मी मुद्दाम ठेवत होते. काढून बघितला होता. काढला की आवाज निर्जीव वाटायचा."

"वाटायचाच," माई म्हणाल्या.

"पहिल्यापासून?"

"पहिला हिवाळा नाही कळलं. दुसऱ्या हिवाळ्यात कळलं."

"आणि त्या रात्री तुमच्या मुलाबद्दल थोरले बोलले, तेव्हा तुम्ही रडलात."

"रडले. तू ते वाक्य जुळवायला किती बसली असशील, म्हणून रडले."

मुलीच्या तोंडातून एक आवाज निघाला. हसू होतं की काय, त्या सुन्न गालामुळे त्यालाही धड आकार नव्हता. मग ती माझ्यावर उसळली. "तुम्हाला काय मिळालं हे सांगून? बरं चाललं होतं ना सगळं?"

"कुणाचं बरं चाललं होतं?" मी म्हणालो. "तुझं? यांचं? माझं?"

ती त्या खोट्या रस्त्यावरून टोकापर्यंत चालत गेली, तिथे रस्ता रंगवलेला होता म्हणून परत आली, पुन्हा गेली. माईंनी चप्पल घातली, काढली, पुन्हा घातली. बाहेर हॉर्न वाजला. कुणी हललं नाही. पुन्हा वाजला.

थोड्या वेळानं ड्रायव्हर स्वतःच आत आला. मध्यमवयीन, दणकट माणूस. शहर बघून त्यानं आधी चप्पल दाराबाहेर काढली, मग काहीतरी लक्षात येऊन पुन्हा घातली. "चला ताई. उशीर केला तर कारभारी माझी चामडी सोलतील."

"माई, तुम्ही जाताय?" मुलीनं विचारलं.

"तू गेलीस तर जाते."

"मी तुमच्यासाठीच जात होते."

"मग झालं," माई म्हणाल्या आणि बाकावर मागे टेकून बसल्या.

ड्रायव्हर एकीकडून दुसरीकडे बघत राहिला. "म्हणजे? मी रिकामी गाडी नेऊ? काय सांगू तिकडे?"

"सांग, आज वाणी होणार नाही," मुलगी म्हणाली.

"का म्हणून विचारलं तर?"

मुलीनं माईंकडे पाहिलं. माईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "सांग, थोरले वारले."

ड्रायव्हरनं मान खाजवली. धक्का बसल्यासारखा दिसत नव्हता. अवघडल्यासारखा दिसत होता. "म्हणजे आता बोलायची परवानगी आहे?"

मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली. "तुलाही?"

"ताई, खड्डा मीच खणला की. मळ्याच्या टोकाला, लिंबाच्या झाडापाशी. कारभाऱ्यांनी शपथ घातली होती. मला वाटायचं तुम्हाला माहीत नाही, तुम्ही वेगळ्या खोलीत एकट्या बसून त्यांच्याशी बोलता, तेव्हा... म्हणजे मला वाटायचं, तुम्हाला खरंच काहीतरी ऐकू येतं." त्यानं घाम पुसला. "पण मी एकटा नाही सांगणार. माझ्यावर कोण विश्वास ठेवेल? मी कांदे-बटाटे आणणारा."

"मी सांगते," मुलगी म्हणाली. "माईकवरून. माझ्या आवाजात."

सगळं इतकं उघड होऊनही ती परत तिथंच निघाली होती. "कशाला? याला सांगू दे. फोन कर. चिठ्ठी लिही."

"इतकी वर्षं दुसऱ्याच्या आवाजात बोलले बाबा. आता फोनवरून सांगू?"

तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर होतं म्हणूनच मला भीती वाटत होती. आत गेल्यावर कारभारी आहेत, भिंत आहे, रडणारी माणसं आहेत. एकजण जरी म्हणाला, "ताई, निदान आजच्या दिवस टेप लाव," तरी ती लावेल. मी ओळखतो तिला. ती दार बंद करून घेणाऱ्यांतली नाही.

"मी येतो," मी म्हणालो.

"तुम्हाला आत घेणार नाहीत."

"चित्राला कोण अडवतंय? दारावरचा माझ्यातून पलीकडे बघतो. बघू दे. मी चालत आत येईन."

ड्रायव्हर खो खो हसला आणि लगेच गप्प झाला. माई उठल्या. शेडला कुलूप लावताना किल्ली माझ्या हातातून निसटली, मुलीनं ती उचलून स्वतः कुलूप लावलं.

व्हॅनमध्ये मागे बटाट्याची पोती होती. मी एका पोत्यावर बसलो, त्या दोघी पुढच्या बाकावर. मग तिनं मागे न वळता विचारलं, "माझी खोली आहे का अजून?"

"आहे. लाकडं ठेवलीत तिच्यात."

"लाकडं काढावी लागतील."

"काढेन."

"दोन खाटा मावतात का?" माईंनी विचारलं.

"भिंतीला लावल्या तर मावतील," मी म्हणालो. "मी करून देईन."

यावर ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. काचेकडे तोंड करून ती पुटपुटायला लागली. माईकवर काय बोलायचं ते ठरवत होती. "मी तुम्हाला आज..." मग थांबली. "थोरल्यांबद्दल मला..." पुन्हा थांबली. इंजेक्शनचा अंमल उतरला नव्हता, ओठ वळत नव्हते.

"सावकाश," माई म्हणाल्या. "पहिल्यापासून म्हण."

तिनं पहिल्यापासून म्हटलं. ड्रायव्हर उशीर झाला म्हणत होता, तोच आता गाडी इतकी हळू चालवत होता की सायकली पुढे जात होत्या. कुणीच त्याला घाई कर म्हणालं नाही. वळणावरून भिंतीचं टोक दिसायला लागलं. मी पोत्यावरून उठलो, वाकून उभा राहिलो आणि दोघींच्या मधे बाकाच्या दांड्याला घट्ट धरलं.